शाळेपर्यंतचा दम

तिसऱ्या फेरीलाच पुनमला धाप लागली. शेजारी सासू, ठकुबाई, चालता चालता गावच्या नळावरचं भांडण रंगवून सांगत होत्या. वय सहासष्ट, आणि श्वास कसा, तर झोपलेल्या पोरासारखा!

पुनम बत्तीस वर्षांची. ल्युपसच्या दुखण्यात तिचं शरीर तिच्याच फुफ्फुसांवर उलटलं होतं. म्हणून आठवड्यातून दोनदा चाकणहून निगडीच्या दवाखान्यात यायचं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लांब कॉरिडॉरमध्ये श्वास सांभाळून चालायला शिकायचं. व्यायाम घेणाऱ्या अरुंधती मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कुठपर्यंत पोहोचायचंय?"

"लेकीच्या शाळेपर्यंत," पुनम म्हणाली होती.

घरापासून शाळा तीनशे मीटर. स्वरूपा रोज आजीचं बोट धरून उड्या मारत जायची आणि पुनम खिडकीत बसून जळायची. सुनांचा डोळा सासूच्या पाटल्यांवर असतो म्हणतात; हिचा होता सासूच्या फुफ्फुसांवर.

"जरा गप चाला की, आत्या!" ती खेकसली. एवढ्या बोलण्यातच तिचे दोन श्वास खर्ची पडले.

ठकुबाई गप्प झाल्या. पुढच्या फेरीत मागे पडू लागल्या. मग कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकल्याच.

"दमले बाई. तू व्हय म्होरं."

पुनमला खरं तर काळजी वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, अगदी निर्लज्ज आनंद. ओठांचा चंबू करून तिने सावकाश श्वास सोडला आणि सासूला मागे टाकून ती चालत राहिली.

"तीनशे सहा मीटर!" अरुंधती मॅडमनी टाळीच वाजवली.

खाली रिक्षापाशी आल्यावर लक्षात आलं, पाण्याची बाटली वरच राहिली. लिफ्टला ही रांग! पुनम काही म्हणायच्या आत ठकुबाई जिन्याने गेल्यासुद्धा. हिचा घाम पुसून होईतो बाटली घेऊन परत हजर.

"तर काय सांगत व्हते, त्या नळावर मंग तिनं हंडाच आपटला..."

तीन मजले चढून उतरून आल्या होत्या, पण एक शब्द तुटत नव्हता.

पुनमचे डोळे भरून आले, तरी सासूवरचं जळणं काही गेलं नाही.

"आत्या, तुमाला दमायचं सोंगबी धड येत न्हाई."

ठकुबाई ओशाळल्या. बाटली तिच्या हातात देत म्हणाल्या, "मंग शिकीव की. उद्या साळंला जाताना."