दारापुढून

अर्धांगवायूतून उठलेले बापूसाहेब देशमुख हकिमांच्या सांगण्यावरून पन्नाशीनंतर सायकल शिकले. पाय अधू, त्यामुळे ओट्याचा आधार घेतल्याशिवाय चढता येत नसे. पण एकदा चढले की स्वारी खुलायची.

त्या सकाळी ते निघाले, तर गावकुसाबाहेरचा सटवा त्यांच्याच दारासमोरून सायकल हातात धरून चालला होता.

"काय रे, पंक्चर?"

"न्हाई, मालक. दारापुढून बसून जायचं न्हाई, तुमचाच हुकूम हाय."

"अजून पाळतोस? मी तर वरीसभर हातरुणात होतो."

"तवाबी उतरतच व्हतो."

"बस आता."

सटवानं दाराकडं पाहिलं आणि तसाच चालत राहिला.

बापूसाहेब सायकलवरून खाली उतरले. मान खाली घालून, वाड्याची भिंत संपेपर्यंत त्याच्या बाजूनं सायकल ढकलत गेले. तिथून सटवा बसून निघून गेला. बापूसाहेबांना चढायला तिथं ओटा नव्हता.