दुभाषी बाई

मार्च १९९०. पूर्व जर्मनीतली पहिली खुली निवडणूक. त्सिटाऊच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या इर्मट्राउडबाईंना लंडनहून आलेल्या निरीक्षकासाठी दुभाषी म्हणून नेमलं होतं. गुप्त मतदान, मतपेटी, मतपत्रिका, सगळ्या इंग्रजी शब्दांना जर्मन शब्द त्यांनी पाठ केले होते. तरी सकाळपासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

सत्तरीचे नोआक आजोबा मतपत्रिका घेऊन गुप्त मतदानाच्या पडद्यापाशी आले आणि थबकले.

“विचारा त्यांना, आजवर किती वेळा मतदान केलंय?” निरीक्षक म्हणाला. बाईंनी जर्मनमध्ये विचारलं.

“मतदान कसलं!” आजोबा हसले. “चाळीस वर्षं सगळ्यांदेखत कागदाची घडी घालायची नि पेटीत टाकायची. पडद्याआड एकदाच गेलो, चार वर्षांपूर्वी. पुढच्याच महिन्यात पोराला कॉलेजातून काढलं.”

बाईंनी ते भराभर इंग्रजीत सांगितलं. आजोबा मात्र त्यांच्याकडे निरखून बघत होते. मग त्यांनी हळू आवाजात आणखी काहीतरी विचारलं. बाईंचा चेहरा उतरला.

“आता काय म्हणाले?” निरीक्षकानं पेन सरसावलं.

त्याला जर्मनचं अक्षरही कळत नव्हतं. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. बाई पर्सचा पट्टा पिळत राहिल्या.

“ते विचारतायत,” शेवटी त्या म्हणाल्या, “पडद्याआड गेलेल्यांची नावं तेव्हा टिपून घेणाऱ्या बाई तुम्हीच ना?” त्यांनी त्याच्या पेनाकडे बोट दाखवलं. “उत्तरही लिहून घ्या. मीच ती.”