पंचांपुढे बोलायचं ते

“खरंच, मी श्रीनिवास आहे,” तो म्हणाला.

“शब्द ठीक आहेत,” आनंदी म्हणाली. “पण वाटतं, दारात कुणी माधुकरी मागायला आलंय. पोटातून दम घ्या. वाक्य संपेपर्यंत मान खाली घालू नका. मलाच पटलं नाही, तर पंचांना काय पटणार?”

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाला, या वेळी पोटातून.

शेजारच्या कुसुमकाकूंच्या पडवीत ही शिकवणी चालली होती. आनंदीचा नवरा पानिपतावर बेपत्ता झाला, त्याला बारा वर्षं होत आली होती. बारा वर्षं भरली की बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून जाळायचा, अशी रीत. कोकणातून येऊन घराचे कर्ते झालेले चुलत दीर गोपाळकृष्णपंत दर्भ आणायला सांगून मोकळेही झाले होते. पुतळा जळाला की आनंदीचं कुंकू जाणार, केस जाणार. त्याहून तिला सोसवत नव्हतं ते वेगळंच. तिच्या मनानं नवरा अजून जिवंत होता, आणि जिवंत माणसाला का कुणी चितेवर ठेवतं?

म्हणून काकूंनी ओंकारेश्वराजवळच्या धर्मशाळेतून हा माणूस गाठला. परवाच उत्तरेकडून आलेला. तोंडावर तलवारीचा व्रण, गळ्यावर दुसरा. आनंदी नवऱ्याचं नाव घेणार नव्हती. ते काकूंनीच त्याच्या कानावर घातलं. पंचांपुढे तिचा नवरा म्हणून बोलायचं आणि निवाडा झाला की काशीची वाट धरायची, एवढंच ठरलं. मागचंपुढचं काही न विचारता तो आला.

आनंदीचे वडील पुराणिक. श्रोता कधी कलतो नि कधी पेंगतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

“घसा ताणू नका. आणि महत्त्वाचं सांगायच्या आधी थांबा. आपण थांबलो की माणसं पुढं सरकतात.”

एकदा सांगितलेलं त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. पाठांतराची सवय दिसते, तिनं मनात म्हटलं.

“तुम्हाला त्यांचा चेहरा आठवतो?” एकदा त्यानं विचारलं.

“वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याकडे कोण बघतंय? तेरा वर्षांची होते मी. आवाज तेवढा आठवतो. सकाळी ओटीवर रुद्र म्हणायचे, मी माजघराच्या दाराआड उभी असायची. घर भरून जायचं.”

बारा वर्षं ती त्या एका आवाजासाठी झुरत होती. या माणसाचा घोगरा, चिरका आवाज ऐकला की तो दुसरा जास्तच आठवे. तसं ती बोलूनही गेली. त्यानं गळ्यावरच्या व्रणावर हात ठेवला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

पंच देवळाच्या सभामंडपात बसले. आनंदी बायकांत, खांबाआड. तो उभा राहिला, दम घेतला, एकेका पंचाकडे बघत शांतपणे बोलला. थांबायचं तिथं थांबला. पंच पुढं सरकले. गोपाळकृष्णपंतांचा चेहरा उतरला.

जिंकलं, असं आनंदीला वाटलं, तेवढ्यात म्हातारे शास्त्रीबुवा म्हणाले, “बोलता छान. शिकवल्यासारखं. आता एकच सांगा. स्वारीवर निघताना बायकोचा निरोप कसा घेतलात? मागाहून तिलाही विचारणार आहे मी.”

हे आनंदीनं त्याला सांगितलं नव्हतं. काकूंनाच काय, आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो शिकवलेलं सगळं विसरला. दम घेतला नाही, मान खाली गेली, आवाज फाटला.

“निरोप कसला? सगळ्यांदेखत बोलायची चोरी. तिनं दाराआडून माझं उपरणं पुढं केलं. टोकाला गाठ होती. पहिल्या मुक्कामाला ती सोडली, तर आत तिच्या खेळातला एक सागरगोटा निघाला.”