डोईचा रुमाल

बस थांबली ती उमुकुसुमच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर. गावातल्या बायका रस्ता अडवून उभ्या होत्या. अक्रोड सोलता सोलता उठून तशाच आलेल्या. प्रत्येकीची बोटं काळी. बसमध्ये लढाईवर न्यायला गोळा केलेली गावची पोरं होती. खिडकीला कपाळ टेकून बसलेला लाल स्वेटरवाला अबकर, उमुकुसुमचा नातू.

कप्तान खाली उतरला, मागोमाग त्याचे शिपाई. सगळे इथलेच, दागिस्तानचे, पलीकडच्या खोऱ्यातले.

"बाजूला व्हा. देशावर संकट आलंय."

"इथं तर तूच आलायस," शेजारची झुमरूद म्हणाली, आणि बायका फसकन हसल्या.

कप्तानाचा चेहरा तापला. त्याने हात वर केला. शिपायांनी दंडुके उपसले, पुढची रांग मागे रेटली. झुमरूद धुळीत पडली.

तेव्हा उमुकुसुमने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि बायका नि शिपाई यांच्या मधोमध टाकला.

लहानपणी तिने आपल्या आजीला असंच करताना पाहिलं होतं. पाटाच्या पाण्यावरून दोन घरांत खंजीर निघाले होते. रुमाल पडला आणि खंजीर मुकाट्याने म्यानात गेले. बाईचा रुमाल ओलांडणारा पुरुष तेव्हा या डोंगरांत जन्मलाच नव्हता. आताचं कुणी सांगावं?

शिपाई थबकले. उमुकुसुमचे विरळ पांढरे केस वाऱ्यावर भुरभुरत होते. लग्नानंतर परक्या पुरुषाच्या नजरेला ते कधी पडले नव्हते. एका शिपायाने पाठ फिरवली आणि मान खाली घातली. मग दुसऱ्याने. शेवटी कप्तानही वळला, बसकडे आणि बसमागच्या डोंगराकडे तोंड करून.

"आजी, डोकं झाका," तो म्हणाला. आवाजातला हुकूम उतरला होता. "आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होतंय."

"झाकते रे बाळा. आधी वाकायला तर हवं. कुणाचा तू?"

"नूरमगोमेदचा."

"मधमाश्या पाळायचा तो? भला माणूस."

बसच्या ड्रायव्हरने रस्त्यातल्या रुमालाकडे पाहिलं. एक बटण दाबलं आणि झोप आल्यासारखं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागचं दार कुरकुरलं. एकेक पोरगं खाली उतरलं आणि डोंगराकडे पळत सुटलं. अबकर मात्र कुंपणापाशी थांबून आजीकडे पाहत राहिला. तिने डोळे वटारले तेव्हा कुठे पळाला.

"झालं का, आजी?"

"गाठच बसत नाही रे. अक्रोडांनी बोटं कामातून गेलीत."

रुमाल अजून रस्त्यातच पडला होता.

पोरं वाळल्या गवतातून वर चढत होती. तो लाल स्वेटर तिनेच विणला होता. आंधळ्यालाही दिसला असता. आणि कप्तानाची मान तर ताठ होती, सरळ त्याच डोंगराकडे.

कप्तानाच्या कमरेचा वायरलेस खरखरला. त्याने चाचपडत तो बंद केला.

"सावकाश बांधा, आजी," तो म्हणाला. "घाई नाही."