सतरावा स्लीपर

रेल्वे पुलावर रुळांखाली बसवलेले चाळीसही लाकडी स्लीपर रेल्वेच्या तपासनीस साहेबांनी हातोडीने ठोकून पाहिले, कठड्यावर कागद टेकवला आणि पेनाचं टोपण काढलं.

पूर येऊन गेल्यापासून तीन महिने गाडी पुलाअलीकडेच थांबत होती. रेल्वेने हात वर केले, तेव्हा सॉ मिलच्या माणसांनीच स्लीपर कापून बसवले. गाडी नाही तर लाकूड जाणार कसं, आणि लाकूड नाही तर गाडी येणार कशाला? पूल ठीक असल्याची साहेबांची सही आज झाली नाही, तर एक तारखेपासून लाइन कायमची बंद, असा हुकूमच होता.

मिस्त्रीणबाईंचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. नवऱ्यामागे बारा वर्षं मिलची मोठी करवत त्याच चालवत होत्या. लाकूड त्यांना कानाने कळायचं. सतराव्याचा आवाज त्यांना खटकला होता. शेजारी उभ्या असलेल्या दिराने ते ताडलं.

"वहिनी, गप्प राहा," तो पुटपुटला.

बाईंच्या डोळ्यांसमोर पुलावरून जाणाऱ्या गाडीच्या खिडक्यांतून डोकावणारी शाळेची पोरं आली.

"साहेब, सतरावा परत बघा. पलीकडच्या टोकाला."

साहेबांनी ठोकलं. बद्द आवाज आला. लाकूड आतून पोकळ होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. पुलावर कुणी कुणाकडे बघेना. दीर तर तोंड फिरवून नदीकडे बघत राहिला. हातातोंडाशी आलेला घास बाईने आपल्या हाताने घालवला, हेच ज्याच्या त्याच्या मनात.

दुसरा कापायला किती वेळ लागेल, साहेबांनी विचारलं. अंधार पडायच्या आत बसवून देते, बाई म्हणाल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, जरा विचार केला, आणि बाह्या दुमडल्या.

मिलमध्ये ओंडक्याचं एक टोक साहेबांनीच धरलं. नवा स्लीपर खांद्यावरून पुलापर्यंत आणताना दीर सगळ्यांच्या पुढे होता.

दिवस कलता कलता काम झालं. या वेळी साहेबांनी हातोडी बाईंच्या हातात दिली. बाईंनी चाळीसही स्लीपर दोन्ही टोकांना ठोकले; सगळे खणखणीत वाजले. साहेबांनी कागदावर शेरा लिहिला, 'सर्व स्लीपर ठोकून पाहिले. गाडी सोडावी.' मग पेन पुढे केलं.

"ठोकून तुम्ही पाहिलेत. आधी तुमची सही."

बाईंनी हातांवरचा भुसा झटकला आणि सावकाश, जाड अक्षरांत आपलं नाव लिहिलं. साहेबांनी सही त्याच्या खाली केली.