अकरा नंबरच्या जीपचा कार्बोरेटर

टप्. पुन्हा टप्. चौथ्यांदा खोलून बसवलेला कार्बोरेटर चौथ्यांदा गळत होता आणि बॉनेटखाली डोकं खुपसलेल्या मुजोनोच्या कोपरापर्यंत पेट्रोल ओघळत होतं.

"आग लागो तुला!" तो ओरडला.

"तीच लागेल," दारातून त्याची बायको कार्सी म्हणाली. "मग बसा बोंबलत."

म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ब्रोमो ज्वालामुखीच्या वाळूतून पाहुण्यांना नेणाऱ्या जीपा नंबरानं सुटतात. मुजोनोचा नंबर अकरा, बापाच्या वेळेपासूनचा. पण जीपवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षानं चारचौघांत बजावलं होतं, महिनाअखेरच्या तपासणीत एक थेंब जरी गळला तरी नंबर दुसऱ्याला. मुजोनोनं हातोडी उचलली आणि कार्बोरेटरच्या टोपणावर हाणली. कोपऱ्याचा टवका उडाला. गळती होती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कासादा. डोंगराच्या धगधगत्या तोंडात देवाला वर्षाचं वाहायचा दिवस. कार्सीनं परडीत कोबी, बटाटे, कांद्याची पात भरली, वर कोंबडा बांधला. मुजोनोनं कार्बोरेटर उपसून पिवळ्या फडक्यात गुंडाळला.

"अहो, देवाला चांगलं ते द्यायचं असतं. अडगळ नाही."

"इतकी वर्षं चांगलंच दिलं ना? काय पडलं पदरात? आता हे घे म्हणावं!"

ऊन वर आलं तेव्हा कड्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. आतल्या उतारावर दरवर्षीसारखे जाळीवाले उभे होते. लांब बांबूला जाळी बांधून, वरून पडेल ते झेलून नेणारे. मुजोनोला त्यांचा भारी तिटकारा. देवाच्या ताटातलं पळवणारे मेले! कार्सीनं कोंबडा हलकेच सोडला. मुजोनोनं अंगातला सगळा राग दंडात आणला आणि पुरचुंडी भिरकावली. खालून कुणीतरी ओरडलं. कासादाला सगळेच ओरडतात. तो मोकळा होऊन घरी आला.

तपासणीला दोन दिवस उरले तेव्हा तो दुसरा कार्बोरेटर शोधत खाली सुकापुराला उतरला. तिथं सुलिहा नावाच्या बाईचं जुन्या सुट्या भागांचं दुकान होतं. पुढच्याच फळीवर, पिवळ्या फडक्यावर, त्याचा कार्बोरेटर घासूनपुसून ठेवलेला. मुजोनो बघतच राहिला.

"हा चालू आहे?" त्यानं कसंबसं विचारलं.

सुलिहानं नळीतून पेट्रोल सोडलं आणि खाली कोरडा कागद धरला. एक थेंब पडला नाही.

"सुई बसते त्या भोकात वाळूचा कण रुतला होता," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. ज्यानं खोलला त्यानं रागारागात खोलला असणार."

आता मात्र मुजोनोचं डोकं सटकलं. चार वेळा खोलला होता त्यानं! "ए बाई, माझीच वस्तू मला विकतेस?"

"तुमची? कशावरून?"

"हा टवका बघ! माझ्या हातोडीनं उडालाय. आत तरंगणाऱ्या डबीला कथलाचा डाक दिलाय, तोही माझ्या हातचा. खोल, खोल ना!"

तिनं टोपण काढलं. डाक होता. बाजारातली माणसं जमली होती. "त्याचाच दिसतोय बुवा," एकजण म्हणाला. मुजोनोला आणखी जोर चढला.

"देवाला वाहिलेलं उचलून विकता! लाज कशी नाही वाटत?"

"कधी वाहिलात?"

"कासादाला! ऊन वर आल्यावर, ह्या हातानं!"

"ह्याच फडक्यात?"

"ह्याच!"

"नीट आठवून सांगा. दुसऱ्या कुणाचा नसेल ना?"

"शंभरदा सांगतो, माझा! माझाच आहे! कुठंही शपथ घेतो!"

सुलिहानं टोपण लावलं, कार्बोरेटर सावकाश फडक्यावर ठेवला. "विकायला नव्हताच मांडला," ती म्हणाली आणि मागच्या पडद्याकडे वळली. "अहो, बाहेर या. मालक सापडला."

पडदा सरला. भिंतीला धरत एक माणूस आला. त्याचं कपाळ आणि डावा डोळा जाड पट्टीखाली गेला होता. पाय अजून नीट पडत नव्हता. तो भांडायला आल्यासारखा मुळीच दिसत नव्हता. उरलेल्या डोळ्यानं त्यानं गर्दीतून मुजोनोला हुडकलं.

"भाऊ," त्यानं विचारलं, "वरून आम्ही दिसत होतो का?"