दोन दातांमधली फट

कवळी हसत होती, तिचा मालक हसत नव्हता. ती ट्रेमध्ये उताणी पडली होती आणि तो गाल आत घेऊन, शेवटची बस चुकल्यासारखा स्टुलावर बसला होता. खरं तर उभा जन्म त्याने बसमध्येच काढला होता, कंडक्टर म्हणून. निवृत्त झाल्यावरच त्याला बस चुकवायची सवड मिळाली.

मावशीच्या हाताखाली कवळ्या करायला शिकलेल्या भाच्याने ती उचलली. मधोमध तडा, त्यावर घरगुती डिंकाचा थर. समोरच्या दोन दातांमध्ये फट, आणि डावा दात किंचित वळलेला, शेजाऱ्याचं बोलणं चोरून ऐकत असल्यासारखा. भाच्याचा हात थबकला. हे मावशीचे दात होते.

म्हणजे केले तर तिनेच होते, पण होतेही तिचेच. दातांच्या दवाखान्यामागच्या याच खोलीत मावशी कवळ्या करायला शिकली, तेव्हा फुकटात तोंड उघडून बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मग तिने स्वतःच्याच जबड्याचा साचा घेतला आणि तो समोर ठेवून दात लावत गेली, फटीसकट. काही वर्षं इथून बाहेर पडलेला प्रत्येक बोळका माणूस मावशीचे दात घेऊन गेला. कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले दोन शेजारी प्रत्येक तारखेला अगदी सारखं हसायचे. डॉक्टरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी साचा फोडायला लावला. पुढे ती गिऱ्हाइकंही एकेक करत गेली, दातांसकट. मावशी प्रत्येकाला पोचवून यायची, हातपाय धुवायची आणि म्हणायची, आज माझा एक जबडा गेला.

मग तीच गेली. पोटाचा कॅन्सर.

भाच्याला तिचं हसू आठवत नव्हतं, ही त्याची अडचण होती. डोळे मिटले की इस्पितळातली खाट यायची, नाकातली नळी यायची, भेगा पडलेले ओठ यायचे, आणि त्याआधीची सगळी मावशी त्या खाटेमागे दिसेनाशी व्हायची. फोटो बघून उपयोग नव्हता. फोटोत ती ओठ असे मिटून घ्यायची, की तोंडात टाचण्या धरल्यात असं वाटावं. दिवसभर हसत असणारी बाई, पण तिचं हसू घरात कुणाकडे उरलं नव्हतं. आणि आता त्यातला एक तुकडा भाच्याच्या हातात होता.

डॉक्टरांनी पुढच्या खोलीतून सांगून ठेवलं होतं, हिरड्या झिजल्यात, जुनी टाकून द्या, नवी करा, आणि ती फट नको. भाचा हो म्हणाला आणि जुनी दुरुस्त करायला बसला. डिंक खरवडला, तडा घासून रुंद केला, गुलाबी मसाला भरला, सुकल्यावर पॉलिश मारलं. मग म्हणाला, काका, मापासाठी एकदा घालून बघा. ही शुद्ध थाप होती. काकांनी कवळी घातली, गाल भरून आले. आता त्यांनी हसायचं तेवढं बाकी होतं.

भाच्याने एक विनोद सांगितला. काकांनी विचारलं, मग पुढे काय झालं? दुसरा सांगितला, तर त्यातल्या माणसाबद्दल त्यांना वाईट वाटलं. तिसऱ्यातला माणूस आपल्या बसमध्ये रोज यायचा आणि तो मुळीच तसा नव्हता, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी भाच्याने विनोदाचा नाद सोडला आणि एकदा नुसतं हसा म्हणून विनवलं. काका हसले. फट दिसली, वळलेला दात दिसला. दात मावशीचे होते, बाकी सगळा कंडक्टर होता, सुटे नाहीत म्हणून सांगणारा.

"झालं माझं हसून," काका म्हणाले. "आता मावशीला बोलव. ती नसली की तू असले चाळे करतोस."

भाच्याने सांगितलं. उन्हाळ्यात गेली, कशाने गेली, थोडक्यात. एव्हाना सांगायची सवय झाली होती; कवळीचा दर सांगावा तसा आवाज निघाला.

काका उठून उभे राहिले. टोपी काढायला म्हणून हात डोक्यापर्यंत गेला, पण टोपी नव्हतीच. हात रिकामा खाली आला. मग त्यांनी तोंडातली कवळी काढली आणि ती दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून उभे राहिले.

मग त्या रिकाम्या तोंडातून काहीतरी उमटलं. दात नसलेल्यांचं बोलणं कसं ऐकायचं, गळलेली अक्षरं आपल्या मनाने कशी भरायची, हे भाच्याला मावशीनेच शिकवलं होतं.

"उन्हाळ्यातच तडकली ही," काका म्हणत होते. "घेताना विचारलं होतं तिला, गॅरंटी किती. म्हणाली, मरेपर्यंत." त्यांनी कवळी उलटीसुलटी करून बघितली. "मला वाटलं, मी मरेपर्यंत."

आणि त्यांना हसू फुटलं. दात हातात, म्हणून ओशाळून त्यांनी दुसरा पंजा तोंडावर धरला. डोळे मिटले, मान खांद्यांत गेली, खांदे गदगदा हलायला लागले. आवाज नाही.

भाचा बघत राहिला. मावशी अशीच हसायची. फट तिला लोकांच्या तोंडात आवडायची, स्वतःच्या नाही. हसताना दात तिने कधी कुणाला दिसूच दिले नव्हते.

तो जागचा हलला नाही, श्वासही त्याने बेताने घेतला. काकांचे खांदे हलतच होते. तोंडावर हात होता, त्यामुळे त्यातलं हसू नेमकं कुठे थांबलं आणि रडू कुठे सुरू झालं, ते कळलं नाही.